औषधाचा डबा

गल्लीत तिला सगळे ‘अर्थमंत्री’ म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच, पण यांचं अंथरूणच मुळी रुमालाएवढं! नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा, ही घरी शिवणकाम करायची, मुलगी शाळेत. तरी या बाईनं कधी कुणापुढे हात पसरला नाही.

फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे होते. भाडं, किराणा, वीज, फी, औषध. पगार झाला की वाटणी व्हायची. कायदा एकच: ह्या डब्यातला पैसा त्या डब्यात जायचा नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. वर्षाअखेरी जे उरेल त्यातून घरात एक वस्तू यायची. उरायचं काय, डोंबल! एका वर्षी तर पायपुसणं आलं.

तिला हवी होती शिलाई मशीनची मोटर. पाय मारून मारून गुडघ्यांचं पार भजं झालं होतं. पण ती कधी बोलली नाही. नुसती उठताना “आई गं” म्हणायची, आणि नवरा ते ऐकायचा.

नवऱ्याला बीपीची गोळी रोजची, जन्माची. कामावरून येताना तो स्वतःच आणायचा. त्या वर्षी औषधाचा डबा काही रिकामा होईना.

“अहो, एवढे कसे उरले?”

“दुकानदार ओळखीचा झालाय. स्वस्तात देतो,” तो म्हणाला. साधा माणूस, खोटं बोलताना कान लाल व्हायचे. पण हिचं लक्ष डब्यात!

वर्षाअखेरी मोटर आली. त्यानंच बसवली. “आता पाय मारायचा नाही हं,” असं बजावलं. हिनं सगळ्या गल्लीला बोलावून मशीन चालवून दाखवलं. “काटकसर काटकसर म्हणतात ती ही!”

पुढं एके सकाळी छापखान्यात त्याच्या हातातून खळीचा ब्रश गळून पडला. मग तोही पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळ्या रोज घेत होते ना?”

“रोज! औषधात आमच्याकडे कुचराई नाही,” ती ठसक्यात म्हणाली.

खाटेवरून त्याचं वाकडं झालेलं तोंड हललं. “एक दिवसाआड.”

बोलणं बोबडं होतं, पण तिला लख्ख कळलं. “का हो? असं का केलंत?” तो तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कसली अर्थमंत्री! घरातला माणूस खर्ची पडत होता आणि ही उरलेले पैसे मोजत होती.

त्याला घरी आणलं. इंजेक्शनं, व्यायाम घ्यायला येणारा माणूस, सगळंच महाग. तिनं एकेक डबा चादरीवर पालथा केला. त्याचा बरा हात हवेत हलायला लागला.

“काय हवंय? पाणी?”

“भाड्याचे... वेगळे ठेव.”

“जळला मेला तो कायदा!” ती एवढ्या जोरात ओरडली की मुलगी दारातच थिजली. हात मात्र हलतच राहिला. महिनाअखेर तोंडावर होती, घरमालक काही थांबणार नव्हता.

तिनं पदरानं नाक पुसलं आणि रडत रडत भाड्याचे पैसे वेगळे काढले.