मनगटावरची नोंद

थोरल्या सिस्टर थोरल्या होत्या त्या नावापुरत्याच. बावीस वर्षं एकाच वॉर्डात काढली, पण वॉर्डाची इन्चार्ज व्हायला पदवी लागते आणि पदवीला त्यांची चार क्रेडिट कमी पडत होती. संख्याशास्त्राची एक ऑनलाइन परीक्षा दिली की ती मिळणार होती. इन्चार्जच्या अर्जाची मुदत महिनाअखेर, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोवर सिस्टरांचं वय नियमाबाहेर जाणार. म्हणजे या वेळी नाही तर कधीच नाही.

परीक्षेची त्यांना भीती नव्हती. डोकं उठवलं होतं ते नोट्सनी. कॉलेजच्या पत्रकात होतं, स्वतःच्या अक्षरातल्या नोट्स चालतील. परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या पानावर होतं, टेबलावर काहीही चालणार नाही. कॉलेज म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे कॉलेजला. सुबक अक्षरात लिहून काढलेली चाळीस पानं सिस्टर टेबलावर ठेवत, उचलून कपाटात टाकत, पुन्हा टेबलावर आणत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

परीक्षेच्या सकाळी रात्रपाळी संपवून त्या नव्या नर्सला वॉर्डाचा ताबा देत होत्या, तेवढ्यात कॉलेजचा फोन आला. "नोट्सचं विचारून कळवतो." एवढं सांगायला त्या माणसानं दहा मिनिटं खाल्ली. सिस्टर तणतणतच घरी आल्या. परीक्षेच्या वेळी घरात दुसरं कुणी नको, म्हणून सासूबाईंना आधीच नणंदेकडे धाडलं होतं. त्यांनी फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि नोट्स शेवटी कपाटात कोंबल्या.

पावणेदहाला पडद्यावर देखरेख करणाऱ्या बाई आल्या. "खोली फिरवून दाखवा, मॅडम. आता बाह्या वर करा."

डाव्या मनगटाच्या वर निळ्या शाईत लिहिलं होतं, '७, पेनिसिलिन नको.'

"हे काय? नोट्स आहेत?"

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. हात दिवसातून पन्नासदा धुवायचे, म्हणून वॉर्डात तळहातावर कुणी टिपत नाही, मनगटाच्या वर टिपतात. पहाटे सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले होते, या औषधानं पूर्वी एकदा श्वास कोंडला होता. ताबा देताना सांगू, चार्टवर लाल शाईनं चढवू, म्हणून त्यांनी टिपलं. मग तो फोन आला. आजोबांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन दहाला होतं.

"मला एक फोन करायचाय. दोनच मिनिटं."

"खुर्ची सोडली तर परीक्षा रद्द होईल."

"मग तुम्ही करा. नंबर देते."

"तसं नियमात नाही, मॅडम."

नोट्सचा नियम कुणाला धड ठाऊक नव्हता, हा मात्र तोंडपाठ! सिस्टरांना बाईंचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन वॉर्डला फोन लावला.

"सिरिंज भरलीय, निघालेच होते," नवी नर्स म्हणाली.

"ओतून टाक. आजोबांना ॲलर्जी आहे. डॉक्टरांना दुसरं औषध विचार."

परत येऊन पाहतात तर पडद्यावर एकच ओळ, 'परीक्षा रद्द.' तेवढ्यात फोनवर कॉलेजचा निरोप आला, हस्तलिखित नोट्स चालतील. सिस्टरांना हसूही आलं नाही. खोलीत चार येरझाऱ्या घातल्या, मनगट स्पिरिटनं खसाखसा पुसलं, आणि पुन्हा वॉर्डला फोन लावला.

"चुकांच्या रजिस्टरात लिही. सात नंबरची ॲलर्जी सांगायची राहिली. माझं नाव घाल."

"राहू द्या ना, सिस्टर. काही झालं तर नाहीच. आणि इन्चार्ज निवडताना ते रजिस्टर बघतात."

"माहितीय मला," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "लिहिलंस का?"