जित्या माणसाचं पान

नव्वदच्या दशकात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत असे. त्यातल्या दोन बाटल्यांतल्या पेशी माझ्या ताईच्या होत्या. ताई रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. तपासणीसाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं मी मागितलं, तर म्हणाली, "ने की. मी काय त्याचं लोणचं घालनार हाय?" त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पेशी राहिल्या.

अशा पेशींना सहसा वासराच्या रक्तातून काढलेलं सीरम घालतात. पण त्यात नेमकं काय काय असतं ते कुणालाच धड ठाऊक नसतं. आम्हाला पेशी माहीत असलेल्या मोजक्या गोष्टींवर जगवायच्या होत्या, म्हणजे त्या कशावर जगतात ते कळलं असतं. म्हणून एका बाटलीतलं सीरम मी हळूहळू कमी करत होते.

पेणजवळ खाडीकाठी आमचं घर, सगळे मिठागरावर राबलेले. मी घरी गेले की आई आधी ताईची खबर विचारायची. सीरम कमी करतेय म्हटल्यावर ती भडकलीच. ताईच्या घशाखाली म्हावऱ्याशिवाय घास उतरत नसे.

"बारा महिने श्रावण पाळायला लावतेस काय गो तिला?"

मला हसू आलं. "आई, ती ताई नाय. ताईला खाल्लं तो आजार हाय."

"असेल. पण जिता हाय ना? तिच्याच रक्तातला ना?"



भाद्रपदात पितरांचं पान वाढायची वेळ आली. आईने बाबांचं पान वाढलं, ताईचं नाही. "जित्या माणसाचं पान कोन वाढतं?" म्हणाली. शेजारणींनी समजावलं, मीही समजावलं. आई ढिम्म हलली नाही. खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी सीरमवरची बाटली आधी गेली. बिनसीरमची आणखी काही आठवडे टिकली. मी सुट्टीच्या दिवशीही जाऊन बघायचे. मग एका सकाळी तपासायला निळा रंग घातला, तर सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी निळ्या दिसल्या. मेलेल्या पेशी तो रंग शोषून घेतात.

पितृपक्ष चालू होता. मी एसटीने घरी गेले आणि आईला सांगितलं. ती रडली नाही. तिने भात उतरवला, केळीचं आणखी एक पान पुसलं आणि बाबांच्या पानाशेजारी मांडलं. वाढायला डाव उचलला, आणि मीच तिचा हात धरला.

"नको ना आई. एवढ्यात नको."

"आजार होता ना गो तो?" आईने हळूच विचारलं.

मला माझी ताई हवी होती, बस. आईने हात सोडवून घेतला नाही. भात निवून गेला तरी आम्ही दोघी त्या रिकाम्या पानापाशी बसून होतो.