वहीतलं नाव

देवबागच्या किनाऱ्यावर विद्यापीठाचे एक प्राध्यापक माशांच्या संशोधनाला आले, तेव्हा मदतनीस म्हणून ते मलाच घेणार, असं मी धरून चाललो होतो. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी! दोन मासे मी ठासून एकाच जातीचे सांगितले. शेजारच्या मासेवालीने पान चघळत अंगठ्याने त्यांचे कल्ले उघडले.

"आतसून बघा. जात येगळी आसा."

सरांनी भिंग लावून पाहिलं आणि तिच्यासमोर वाळूतच बसून ते तिलाच एकेक विचारू लागले.

"माका कित्या इचारतास? ह्यो शिकललो आसा, ह्येका इचारा," ती मनापासून म्हणाली. टोमणा मारला असता, तर मी इतका जळलो नसतो.

सर मला म्हणाले, "तुम्ही फक्त यांचं बोलणं मराठीत सांगा."

त्यांनी तिचं नाव वहीत लिहून घेतलं. मला ते अजून पाठ आहे, पण इथे मी लिहिणार नाही.