लायटरमधला अणू
सामानाच्या यादीत आज ‘लायटर’ लिहिताना भाईंदर पश्चिमेतलं सासरचं स्वयंपाकघर आठवलं. लग्नाला महिना झाला होता, प्रबंधाची शेवटची मोजमापं राहिली होती आणि मला फक्त प्रयोगशाळेत जायची परवानगी हवी होती. खिडकीतून सुक्या मासळीचा वास येत होता. मी शेगडीवर चहाचं पाणी ठेवलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “पण तू तिथे करतेस तरी काय गं?” मी लायटर दाखवला. म्हटलं, यातल्या पांढऱ्या तुकड्यासारख्या पदार्थावर माझं काम आहे. त्यात ऑक्सिजनच्या अणूंच्या पिंजऱ्यात मधोमध एक वेगळा अणू थरथरत असतो, पदार्थ निवू लागला की ती थरथर मंदावते, मग तो एका बाजूला सरकून तिथेच अडकतो, म्हणून तर दाबल्यावर ठिणगी पडते. “मग बरंच झालं की,” त्या म्हणाल्या, “तो अडकला म्हणून आपला गॅस पेटतोय. तूही टेक आता घरात.” पेपरामागून सासरे हसले, नवरा हसला, मीही हसले, आणि विषय तिथेच संपला. पुन्हा तापवलं की तो अणू सुटून मध्यावर येतो, हे मला माहीत होतं. पण पुढे कुणी विचारलं नाही, आणि गॅस आजही मीच पेटवते.