आमच्या घरात कुणी असं बोलत नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतेय — आणि आधीच बजावून ठेवते, माझी कीव करायची नाही. 'बिचारी' म्हणालात तर इथंच थांबेन.

मी सिंगापूरला एका बँकेत काम करते. माझी मुलगी अन्वी प्रायमरी थ्रीमध्ये, म्हणजे तिसरीत आहे. शाळेत दिवसभर इंग्लिश, मैत्रिणींशी इथल्या धाटणीचं 'कॅन लाह, कॅन लाह' — म्हणून दर रविवारी तिला मराठीच्या वर्गाला पाठवतो. तिथल्या ताई सोमवारी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याचा गृहपाठ धाडतात. साधा नाही हं — 'घरचा उपक्रम'! आईबाबांबरोबर करा, आजीआजोबांना विचारा आणि रविवारी सगळ्या पालकांसमोर उभं राहून सांगा. अहो, गृहपाठ मुलांचा की आमचा? रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून दमून यायचं आणि डाळ-तांदूळ चिकटवून मोर करत बसायचं! पण मी केला मोर. पतंगही केला. अडलं ते आजीपाशी.

'आजी लहानपणी काय खेळायची? तिच्या आवाजात रेकॉर्ड करून आणा.' एवढंच तर होतं.

अन्वीला आजी एकच, माझी आई. कोल्हापूरच्या पुढे, गावात राहते. आणि गावासारखं बोलते. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मीही म्हणायचे. पुण्याला कॉलेजला गेले, हॉस्टेलच्या खोलीत पाऊल टाकून 'मी आलो' म्हणाले — आणि मुली पोट धरून हसल्या. पुढं वर्षभर माझं नाव 'दादा' होतं. मग मी माझी जीभ अशी घासून काढली, की लग्नात नवऱ्याच्या पुण्याच्या मावश्या म्हणाल्या, 'कोल्हापूरची वाटतच नाहीस!' मला ते ऐकून बरं वाटलं होतं. पण हे कारण म्हणून सांगत नाहीये. त्या मुली फक्त हसल्या. पुढचं सगळं मी केलं.

आईनं हौसेनं रेकॉर्डिंग पाठवलं. मी ते दुपारी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या ठेल्यांवर, जेवताना ऐकलं. 'अन्वे, मी ल्हान असताना लय वांड होतो बघ. चिचंच्या झाडावर चढून बसायचो, आन् माझी आई खालनं वरडायची...' किती खूश होती ती! आणि माझे कान तापले. हे रविवारी वर्गात वाजणार? त्या सगळ्या पुणेकर, मुंबईकर आयांसमोर? मी ते पुसून टाकलं आणि जेवण संपवलं.

अन्वीला सांगितलं — आजीला ऐकू येत नाही, फोनवर नाही जमणार. आईला सांगितलं — अन्वीला मराठी कळत नाही गं, सगळं इंग्लिशच. आणि वर्गासाठी? वर्गासाठी मी एक आजी तयार केली. ती ओसरीवर सागरगोटे खेळायची, सांजवेळी श्लोक म्हणायची, नातीला 'जपून हं, राजा' म्हणायची. दर आठवड्याला मी तिचा एक किस्सा रचायचे आणि अन्वी तो पाठ करून म्हणायची. ताई म्हणायच्या, 'किती गोड आजी आहे गं तुझी!' मी नुसती हसायचे.

आईशी मी ऑफिसातूनच बोलायचे. व्हिडिओ कॉल लावायचा तो नवरा तुआसच्या कामावरून घरी यायच्या आत. आणि त्या कॉलवर काय चालायचं, सांगू? आई हातानं घास दाखवून विचारायची, जेवलीस? अन्वी अंगठा दाखवायची. आई गालावर हात ठेवून विचारायची, झोपतेस का वेळेवर? अन्वी डोळे मिटून दाखवायची. एकीला वाटे दुसरी बहिरी, दुसरीला वाटे हिला भाषा येत नाही. दोघी मराठीच, आणि दोघी मुक्या — मधे मी बसलेली. मला लाज वाटली असेल, असं वाटतं तुम्हाला? नाही वाटली. सुटल्यासारखं वाटायचं.

मग आई महिनाभरासाठी इकडे आली. नवरा तेव्हा नेमका कामासाठी कोरियात. आजी माझ्याशी बोलते कशी, असं अन्वीनं विचारलं, तर मी दडपून सांगितलं, ती माझे ओठ वाचते. विश्वास बसला तिचा. आणि आईसमोर मी अन्वीशी इंग्लिशच बोलायचे. आई सांगेल त्यावर मूल विश्वास ठेवणारच, नाही का?

त्या आठवड्याचा उपक्रम होता स्वयंपाकघरातली भांडी. मी ऑफिसातून आले, दार उघडंच होतं. अन्वी हॉलमध्ये जमिनीवर भांडी मांडून स्वतःशीच घोकत होती. 'ही परात. हे लाटणं. ही पळी. हे... हे...' तिथं अडली. आत ओट्यापाशी आई पाठमोरी भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, सहज म्हणाली, 'उलथनं म्हणत्यात त्येला.'

अन्वी ताडकन उठली. आईचे हात परातीतच राहिले. 'मम्मी, आजीला ऐकू येतं! शी कॅन हिअर लाह!' अन्वी नाचायलाच लागली. आणि आई माझ्याकडे बघत राहिली. 'पोरगी मराठी बोलती की गं,' एवढंच म्हणाली. मी काय केलं? आणखी एक थाप मारली. अन्वीला म्हटलं, आजीचे कान आता बरे झालेत. आईनं ते ऐकलं. पिठाचा हात तसाच ठेवून ती नातीला म्हणाली, 'व्हय बाळा, आता येतंय ऐकू.' मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडले असते मी, सरळ भांडले असते.

पुढचे दिवस घर नुसतं बडबडत होतं. दोघी बाजारात जायच्या, लिफ्टमध्ये गप्पा, खाली बाकावर गप्पा. चिंचेच्या झाडाची गोष्ट अन्वीनं इतक्यांदा ऐकली, की ती आजीच्या आधीच पुढचं सांगायची. मी म्हणेन, सगळं मार्गी लागत होतं. माझ्याशिवाय.

आणि मग रविवार आला. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरतेय ते हे — घ्या, ऐका. आई इरकल नेसून वर्गाला आली, माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. अन्वी पुढे उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, 'मी आजीसंगट लिटल इंडियाला गेलो. तिथनं आम्ही उलथनं आणलं. लय मज्जा आली!' मुलं फिस्सकन हसली. 'गेलो? आर यू अ बॉय?' ताई म्हणाल्या, 'मुली गेले म्हणतात, बाळा.' मग माझ्याकडे वळून हसत विचारलं, 'घरी कुणी बोलतं का असं?'

मी म्हणाले, 'छे! आमच्या घरात कुणी असं बोलत नाही.'

आई शेजारी होती. तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. अन्वी म्हणाली, 'बट आजी—' आणि आईनं तिला मानेनंच 'गप' म्हणून खुणावलं. माझी लाज राखायला. लेकीनं तिला भर वर्गात नाकारलं आणि ती लेकीचीच अब्रू सांभाळत बसली!

तुम्ही म्हणाल, माफी मागायची होती. का मागू? माफी मागितली की आई लगेच देणार, मी हलकी होणार, आणि तिच्या वाट्याला काय येणार? नको मला ते. मी केलं, ते माझंच राहू दे.

ती परत निघाली, तेव्हा विमानतळावर अन्वीचा मुका घेतला, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, 'पोरीच्या बोलण्यात माझं काय ऱ्हायलं आसंल तर काढून टाक. तिला हसत्यात.'

'बरं,' म्हणाले मी.

आणि काढून टाकलं. एकेक शब्द पकडून, टोकून, काढून टाकला. आता अन्वी गेले, आले, जेवले म्हणते, एकदाही चुकत नाही. परवाच्या रविवारी ताईंनी तिला पुढे बोलावून शाबासकी दिली. सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.