हरिहररावांचा पहारा

आमचे हरिहरराव कॅन्टीनच्या आमटीकडेसुद्धा अशा नजरेनं बघतात, की वाटावं कुणीतरी कट करून ती पातळ केलीय. चाकणच्या आमच्या कंपनीत ब्रेकचे सुटे भाग बनतात, आणि त्या भागांची मापं तपासणाऱ्या खात्याचे ते प्रमुख. मी वर्षाली, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक संशय आधी माझ्या कानावर आदळतो. पिंपळे सौदागरला त्यांच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी हे विचारणार, "कुणाच्या फायद्यासाठी?" त्यांची बायको, चारुलतावहिनी, हसून सोडून देतात. मला नाही बाई जमत.

तसा माणूस सरळ हो. खोट्या मापावर त्यांनी कधी सही केली नाही, वरून दम आला तरी नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

गेल्या वर्षी दानिश आला. पिंपरीत त्याचं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायचं दुकान. आमचे मालक शेखरसाहेब, त्यांनी लाइनवरचे सगळे कॉम्प्युटर त्याच्याकडून घेतले, देखभालही त्यालाच दिली. वर बजावलं, "काही गडबड झाली तर त्याच दिवशी काम बंद." दानिशची ही पहिलीच कंपनी. "इथं टिकलो ना ताई, तर शेजारच्या कंपन्या पण विचारतील," असं तो मला चहा पिताना म्हणाला होता.

त्याच्या मशीनची गोष्ट वेगळी होती. कॉम्प्युटर सुरू केला की आतला सगळ्यात पहिला जो प्रोग्राम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. एरवी तो बनवणारी कंपनी बंद मुठीत ठेवते. दानिशनं तो काढून कुणालाही वाचता येईल, बदलता येईल असा मुक्त फर्मवेअर बसवला होता.

"म्हणजे घराचं दार सताड उघडं!" हरिहरराव.

"दार बंदच आहे साहेब. कुलूप कसं बनलंय, ते तेवढं सगळ्यांना बघता येतं. लपवण्यासारखं काही नाही त्यात."

तो गेल्यावर हरिहरराव माझ्याकडे झुकून म्हणाले, "फार गोड बोलतो हा."

गोड बोलला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. करायचं काय माणसानं?

पुढे दानिशनं स्टोअरच्या कोपऱ्यात एक सर्व्हर ठेवला आणि त्याला लाल वायरींची एक वेगळी पेटी जोडली. कोरा कॉम्प्युटर लाल वायरीला लावायचा नि बटण दाबायचं. तो आपणच नेटवर्कवर हाक मारणार, सर्व्हर ओ देणार, आणि आतलं सगळं पुसून नवीन सिस्टिम बसणार. शेजारी माणूस नको की काही नको. लाइनवरचे कॉम्प्युटरही सुरू होताना तशीच हाक मारत, पण त्यांची पेटी निराळी. ओ देणारं कुणी नसल्यामुळे ते मुकाट्यानं आपापल्या डिस्कवरून सुरू होत. "दोन्ही पेट्या एकमेकींना जोडायच्या नाहीत," एवढंच दानिशनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"माणूस हात लावत नाही, तरी आत सगळं जातं?" हरिहररावांच्या भुवया चढल्या. "मग बाहेर काय काय जात असेल! मी बंदोबस्त केलाय, वर्षाली."

"कसला हो?"

"कळेल."

आमच्या लाइनी तिन्ही शिफ्टला चालतात, कॉम्प्युटर कधी बंदच होत नाहीत. होतात ते फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी मशीन थांबवून पुसल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. आरती झाली, नारळ फुटला, आणि साहेबांनी हात वर केला, "करा सुरू!"

सगळे पडदे एकदम उजळले आणि काळे पडले. काळ्यावर पांढरी अक्षरं भराभर धावायला लागली. आतलं सगळं पुसलं जात होतं, आठवड्याभराच्या मापांसकट.

"सांगत होतो ना!" हरिहरराव ओरडले. "यानं आतून वाट ठेवली होती!"

आणि आम्ही सगळे, झाडून सगळे, वळून दानिशकडे बघायला लागलो. साहेबांनी सिक्युरिटीवाल्यांना हाक मारली. "याला कशालाही हात लावू देऊ नका. गेटबाहेर काढा."

दानिश पुढे झाला. "साहेब, एकदा पेट्या बघू द्या. मग खुशाल हाकला."

दोन्ही बाजूंना दोन गार्ड, मधे तो, असे स्टोअरमध्ये गेलो. लाइनची पेटी आणि लाल पेटी यांच्यामध्ये एक करडी वायर जोडलेली होती. "ही माझी नाही. हिच्यामुळेच लाइनच्या हाकेला सर्व्हरनं ओ दिली," दानिश म्हणाला.

मग हरिहररावांचा आवाज आला, बसलेला. "मी लावली. हा काय करतो ते मला माझ्या टेबलावरून दिसावं म्हणून."

शेखरसाहेब मोठ्यानं हसले. "काय हे हरिहरराव! असू दे, होतं असं. मापं परत घेऊ. सणाचा दिवस आहे, पेढा घ्या." गार्ड बाजूला झाले. सगळ्यांच्या जिवात जीव आला, बॉक्स फिरायला लागला.

सगळ्या मशीन आपोआप उभ्या राहीपर्यंत दानिश थांबला, मग त्यानं वायर उपटली, एकेक मशीन तपासली आणि बॅग उचलली.

"सोमवारी ये नेहमीसारखा," साहेब म्हणाले.

"नाही येणार, साहेब."

"अरे, तुझी चूक नव्हती हे कळलं ना सगळ्यांना?"

"कळलं की. पण तीच वायर माझ्या हातनं लागली असती, तर मला पेढा दिला असता का?"

साहेबांनी बॉक्सचं झाकण लावलं. दानिश निघाला, तसे हरिहरराव त्याच्यामागे गेटपर्यंत जवळजवळ पळतच गेले. तिथं काय बोलले, ठाऊक नाही. परत आले ते एकटेच.