मी मागितलेली जमावबंदी

सोलापुरातील त्या सभेचा दिवस आठवला की आजही माझे मन स्वस्थ राहत नाही. दुष्काळाचे वर्ष होते आणि मी शहरातील एका ठाण्याचा फौजदार होतो. आमच्या हद्दीत एक जुना खासगी क्लब होता. त्याच्या आवारातील विहिरीला त्या उन्हाळ्यातही पाणी होते. कुंपणापलीकडे विणकरांच्या वस्तीत मात्र नळ कोरडे पडले होते. विहीर वस्तीला खुली करावी असा ठराव काही सभासदांनी मांडला होता आणि त्यासाठी विशेष सभा बोलावली होती. क्लबच्या सचिवांचा ठरावाला विरोध होता, हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ लावण्याचे मला सुचले नाही.

आदल्या दिवशी सचिव स्वतः ठाण्यात आले. "साहेब, वस्तीतले लोक सभा उधळणार. दगड जमवलेत. आमच्या माळ्यानं डोळ्यांनी पाहिलेत." अर्जाचा मसुदा त्यांच्या हातात तयार होता. मी माझा अहवाल जोडून तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठविला आणि कलम १४४ खाली आदेश निघाला : क्लबच्या फाटकाबाहेर शंभर पावलांच्या आत पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र जमू नये.

सभेच्या दिवशी सकाळी संध्यावंदन आटोपून मी वस्तीची झडती घेतली. एका अंगणात खरोखरच दगडांचा ढीग होता. घरधनी साठीचे तेलुगुभाषक विणकर होते. दगडांसह त्यांना ठाण्यात आणले.

"बाबा, हे दगड कशासाठी?"

"हातमागाचे हायत साहेब. ताणा, उभं सूत, ताठ राहावा म्हणून दोरीनं बांधून लटकवतो."

"एवढे?"

"चार माग बंद पडलेत की. काढून ठिवले."

"आणि नेमके सभेच्या वेळी?"

"सभा आमी कशाला मोडू साहेब? सभा मोडली तर पाणी कुटनं यायचं?"

मी जबाब लिहून घेतला. ऐकला मात्र नाही. त्यांना बाकावर बसवून ठेवले. दिवसभर चैन पडेना. स्टेशन डायरी दोनदा उघडली, दोनदा मिटली.

साडेचारला बंदोबस्तावर निघालेला एक शिपाई ढिगापाशी थबकला. तोही दुसऱ्या एका विणकराचा मुलगा. "साहेब, ह्ये मुद्देमालात घेतलं व्हय? मग माझ्या बापाला बी धरा की! ह्यो बघा, दोरीचा घासा." दगडाच्या कमरेला दोरीने घासून पडलेली खाच स्वच्छ दिसत होती. सकाळी मीही ती पाहिली असती. पण ढीग पाहिल्यावर एकेक दगड पाहण्याचे राहून गेले होते.

मग सभा मोडून कोणाचा लाभ? मी आदेश पुन्हा वाचला. सभासदांना त्यात सूट नव्हती; पाच सभासद मिळून आले तरी तो जमावच ठरणार होता. मसुदा सचिवांचा आणि शिफारस माझी. मी तडक जीप काढली.

क्लबच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, शंभर पावलांच्या हद्दीबाहेर, वीस-बावीस वयस्क सभासद उन्हात अडकून पडले होते. ठराव मांडणाऱ्या वृद्ध वकिलांच्या घरून ते एकत्र निघाले होते आणि आमच्या हवालदारांनी त्यांना जमाव म्हणून अडविले होते. वकील मला म्हणाले, "या फौजदारसाहेब! ही काठी जप्त करा. पंच्याहत्तर वर्षांचा दंगेखोर आहे मी. काठी घेतलीत की पळूनही जाणार नाही."

फाटकाच्या आत सचिव घड्याळाकडे पाहत उभे होते. "नियम म्हणजे नियम, साहेब. साडेपाचला गणपूर्ती नसली तर सभा रद्द. पुन्हा तीन महिन्यांनी." तीन महिन्यांनी विहीर उघडून वस्तीला काय मिळणार होते? पाच वाजून अठरा मिनिटे झाली होती. आदेश रद्द करण्याचा अधिकार मला नव्हता आणि तो मोडण्याचा तर नव्हताच.

मी हवालदारांना म्हणालो, "पाचांना बंदी आहे. चौघांना सोडा. ते आत गेले की पुढचे चौघे."

चार-चार करून ती प्रतिष्ठित मंडळी शाळकरी मुलांसारखी रस्ता ओलांडू लागली. "अहो, तुम्ही पाचवे, मागे व्हा!" असे एकमेकांना दटावत होती. वकिलांची चौकडी सर्वांत शेवटी, अगदी सावकाश आली. त्यांचा पाय फाटकात पडला तेव्हा साडेपाच वाजायला दोन मिनिटे उरली होती. तासाभरात ठराव मंजूर झाला.

ठाण्यात परतलो तेव्हा ते विणकर बाकावर तसेच बसून होते. मी विहीर खुली झाल्याचे सांगितले. त्यांनी हात जोडले, आणि मग शांतपणे विचारले, "मग साहेब, दिवसभर आमाला हितं कशापायी बसवलं?"

चौकशीत प्रश्न विचारण्याची मला सवय होती. उत्तर देण्याची नव्हती. "चूक माझी," एवढेच मी म्हणालो. नंतर तेच शब्द स्टेशन डायरीत लिहिले आणि खाली सही केली. पुढे सेवेत अनेक प्रतिबंधक आदेश मागितले. दर वेळी अहवाल पाठविण्यापूर्वी मी स्वतः त्या जागी जाऊन उभा राही आणि पाहत असे की या आदेशाने इथे नेमके कोण अडणार आहे.